पहिली हाक माही, दुसरी सरची

रामराम मंडळी. हा माइक जरा खाली घ्या कुणी. हां, एवढा बास. हितं बोलाया येणारी माणसं उंच असत्यात, दिसतंय.

मी गिरजाबाई. सारिकाची आजी. सारिका म्हंजी ती, पहिल्या रांगेत, सरच्या बायकोच्या, ताईंच्या शेजारी मान खाली घालून बसलीय ती. गित्ते सरवर चार शब्द बोलायचं तिनंच कबूल केलतं. सकाळी जीपमधी बसल्यावर म्हणली, आजे, माह्या तोंडातून शब्द फुटायचा न्हाई. मंग मी म्हणले, मी बोलते. ती म्हणली, तुला काय बोलायचं ते ठाऊक हाय का? मी म्हणले, बोलत गेल्यावर कळंल की.

आता उभी राहिले, आन म्होरं बघते. एवढी माणसं. सगळी शिकलेली. समोर सरचा फोटो, त्याला हार. फोटोत सर हसायलेत. हसणाऱ्या माणसाच्या फोटोला हार घातल्यावर माणसानं बोलावं कसं? तुमीच सांगा.

ताई, माहं काही चुकलं तर पोटात घाला. माह्या तोंडावर हसू दिसंल तुमाला. शोकसभेत हसू नये, हे मला बी कळतं. पर माह्या नातीनं जे करून दाखवलंय ना, त्याचा आनंद माह्या अंगात मावंना झालाय. त्याला मी काय करू? आन तो आनंद सरनीच दिलाय. तवा तो सरपशी घेऊन आले, असं समजा.

पोरीनं शिकायला लई वर्षं लावली. लावली बाबांनो, मी कुठं न्हाई म्हणते. बारावी झाली आन तिचा बाप म्हणला, बास. ती म्हणली, मी माहं बघते. हितंच केजला औषधाच्या दुकानात लागली. सकाळी दुकान, दुपारी कॉलेज, परत दुकान. संध्याकाळची जीप भरल्याबिगर सुटायची न्हाई, आन ही मागच्या फळीवर बसून पुस्तक वाचायची. जीप खड्ड्यात आदळली की ओळ सुटायची. परत सापडायची. असं करत करत बी.ए. झालं, एम.ए. झालं. तिच्या बरोबरच्या पोरींची पोरं शाळंत जाया लागली. पिठाच्या गिरणीत बाया मला इचारायच्या, काय काकू, झाली का न्हाई नातीची शाळा? जशी काय दरसाल नापासच होतीय.

दुकानात म्हातारी माणसं यायची. चिठ्ठी म्होरं करून म्हणायची, ओ डॉक्टरीणबाई, ही गोळी जेवायच्या आधी का जेवल्यावर? ती गोळीचं नीट सांगायची. पर त्या हाकेला ओ द्यायची न्हाई. म्हणायची, मामा, मी डॉक्टर न्हाई, मी सारिका. मंडळी, तिचं एवढं बोलणं ध्यानात ठिवा. म्होरं कामाला येणार हाय.

तर एक दिवस पोरगी रडत घरी आली. काय झालं? म्हणली, आजे, गाईड मिळंना.

आता गाईड म्हंजी काय, हे मला ठाऊक व्हतं. तिच्या चुलतभावाला दहावीला आणलं व्हतं. जाड, पिवळं, आत सगळी उत्तरं. मी म्हणले, एवढ्यासाठी रडतीस व्हय? बाजाराला जाणारच हाय, घेऊन येते. आन खरंच गेले. पुस्तकाच्या दुकानात जाऊन म्हणले, पी.एच.डी.चं गाईड द्या. दुकानदारानं माह्याकडं बघितलं, माह्या पिशवीतल्या मेथीकडं बघितलं. म्हणला, मावशी, ते छापत न्हाईत. मी म्हणले, मंग जुनं असंल तर द्या. पोरगी जपून वापरंल.

तिथं एक माणूस पुस्तकं चाळत उभा व्हता. चष्मा कपाळावर. तो हळूच म्हणला, "आजी, मी जुनाच आहे. कोणाला पाहिजे?"

मी म्हणले, तुमाला घेऊन मी काय करू? मला गाईड पायजे.

हसा, हसा. सर बी असेच हसलते. माणसाला गाईड म्हणत्यात हे मला त्या दिवशी कळलं. आन तो माणूस म्हंजी गित्ते सर. ताई, तुमाला घरी येऊन सांगितलंच असंल त्यांनी. पिशवीतली मेथी मी त्यांला देऊ करत व्हते. घेतली न्हाई. म्हणले, पोरीला पाठवून द्या.

पोरगी गेली. सरनी इचारलं, कशावर लिहायचंय? हिनं मोठमोठ्या पुस्तकांची नावं सांगितली. सरनी ऐकून घेतली. मंग म्हणले, तुझ्या घरी सकाळी पहिला आवाज कोणाचा असतो? ही म्हणली, आजी मेंढरांला हाक मारती, त्याचा. सर म्हणले, मग हेच घे की.

हाकांवर. बाबांनो, हाकांवर पी.एच.डी. मी पोट धरून हसले. म्हणले, कॉलेज येडं झालंय का सर? मेंढरांला हाका काय कागदावर मारायच्यात?

पर सर आले एक दिवस आमच्या गावाला. बांधाच्या कडंला घोंगड्यावर बसले, आमच्यासारखंच. आमच्यात हाका लई. पाण्यावर न्यायची येगळी, माघारी फिरवायची येगळी, चुकलेल्या कोकराची येगळी. लांबच्या शेतातल्या माणसाला मारायची तर बिलकुल येगळी, तिला वाऱ्याबरोबर सोडावं लागतं. पोरगी फोनमधी आवाज भरून घ्यायलती. सर म्हणले, मला एक मारून बघू द्या. मी म्हणले, मारा की. सरनी घसा खाकरला, वर्गात उभं राहत्यात तसं उभं राहून हाक मारली. एका मेंढीनं मान वर केली. बघितलं. परत चराया लागली. कुत्रं मात्र शेपूट हालवत आलं आन सरच्या म्होरं बसलं. सर म्हणले, "चला, एक तरी विद्यार्थी हजर झाला."

त्याच दिवशी मी सरला एक गोष्ट सांगितली. ती तुमाला बी सांगते. लांब वाटंल, पर तिच्याबिगर म्होरचं कळायचं न्हाई.

मी माहेरची धर्मापुरीची. माहेरचं नाव सखू. आमचं जुनं देऊळ हाय तिथं, तुमी बघितलं असंल. ल्हान असताना मेंढरं सावलीला बसवून आमी पोरी त्या देवळात जायचो आन आपआपलं नाव घेऊन वरडायचो. सखूऽऽ. आवाज आत जायचा. दगडादगडातून फिरायचा. थंडगार अंधार, वटवाघळांचा वास, आन आमी गप उभ्या. मंग नाव माघारी यायचं. लगेच न्हाई यायचं, जरा थांबून यायचं. मला वाटायचं, देवळाला मी ठाऊक हाय. ते मलाच हाक मारायलंय. अजून दुपारचा डोळा लागला की ते ऐकू येतं मला. मी ल्हान असते, पायात काही नसतं, आन कोणतरी लांबून माहं नाव घेत असतं.

तर माहं लगीन झालं. ताटात तांदूळ पसरून त्यात नवऱ्यानं नवं नाव लिव्हलं, गिरजा. मला वाचता येत न्हवतं तवा. बायांनी सांगितलं आसंल, पर त्या गलक्यात कोण ऐकतंय. आन आमच्यात अशी रीत की ताटात नाव लिव्हलं म्हणून ते लागत न्हाई. दुसऱ्या दिवशी घरातल्या थोरल्या माणसानं बांधावर उभं राहून हाक मारायची, आन जिचं नाव तिनं ओ द्यायची. ओ दिली की नाव लागलं.

माह्या सासूनं बांधावरून हाक मारली. गिरजेऽऽ. मी खुशाल बसलेली. सगळ्या बाया माह्याकडं बघायल्यात. मंग मी बी मागं वळून बघितलं, की कोण बाई ही गिरजा, सासू बिचारी वरडायलीय आन ही ओ बी देईना. दुसरी हाक आली. तवा नणंदेनं दंडाला चिमटा काढला. म्हणली, अगं वहिनी, तूच की.

मंग ओ दिली. आन दिली त्या घडीला अंगातून काहीतरी गेलं आन काहीतरी आलं. कसं सांगू? सखू तिथंच बसली व्हती, आन गिरजा उठून सासूकडं चालाया लागली.

हे सांगितलं, आन सर उठून बांधावर जाऊन उभे राहिले. मेंढरं फिरून आली तवा माघारी आले. मंग म्हणले, "आजी, असं करायचं. सारिकाचं काम पुरं झालं की तिलाही नवं नाव मिळणार. तेव्हा मी तुमच्या बांधावर येणार. पहिली हाक तुमची, दुसरी माझी. त्याआधी कोणी तिला डॉक्टर म्हणायचं नाही."

मी म्हणले, "आन तिनं ओच न्हाई दिली तर? माह्यावर गेलीय ती."

सर म्हणले, "चिमटा काढायला मी असेन ना."

मंग वर्षं गेली. किती, ते इचारू नका. पोरीचं दुकान सुटलं न्हाई. मधी तिच्या बापाचं अंग लुळं पडलं, तवा तिनं कागद बांधून माळ्यावर टाकले. दोन पावसाळे तिथंच पडून व्हते. तिला वाटलं, सर इसरले. सर इसरणारा माणूस व्हता का? सर औषध घ्यायला तिच्याच दुकानात यायचे. ताई, तुमच्या घराला लागून औषधाचं दुकान हाय. मी परवा बघितलं. पर सर तेवढं चालत बाजारात यायचे. गोळ्या घेता घेता इचारायचे, तिसरं प्रकरण कुठवर आलं? मागं उभा राहिलेला एक जण म्हणला, सर, कसलं प्रकरण? कोर्टात हाय का पोलिसात? सर म्हणले, अजून माळ्यावर आहे.

तिनं त्या दिवशी घरी येऊन कागद खाली काढले.

आन झालं. शेवटाला झालं. तोंडी परीक्षा झाली. मी बी गेलते. मोठमोठी माणसं तिला इचारायलती आन माही पोरगी उभी राहून सांगायलती, की हाक म्हंजी काय असतं. म्हणली, हाक म्हंजी लांबच्या माणसाला हात लावणं. मी मागच्या खुर्चीत बसून ऐकायलते. मला वाटलं मी सपनात हाय. ही जीपमधी फळीवर बसणारी, गोळ्यांच्या पट्ट्या कात्रीनं कापणारी, हीच का? बाहेरगावचे जे साहेब आलते ते उठून म्हणले, अभिनंदन, डॉ... आन सरनी मधीच हात वर केला. म्हणले, थांबा साहेब, तो शब्द आत्ता नाही. तो आधी हिच्या आजीचा आहे. साहेबांला काही कळंना. सारा हॉल हसला.

सर ऐतवारी आमच्याकडं येणार व्हते. मी शेवया काढून ठिवल्या, गुळाची खीर करायची, सरला कमी गोड लागती म्हणून गूळ येगळा ठिवला. बांधावरचं गवत काढलं, सरला उभं राहायला जागा पायजे म्हणून.

शनवारी सर गेले.

तेव्हापासून पोरगी ह्या शब्दाच्या जवळ कुणाला येऊ देईना. गावच्या पोरांनी हौसंनं फाट्यावर तिचा फ्लेक्स लावला. हिनं जाऊन 'डॉ.'वर पांढरा कागद चिकटवला. आता वारं आलं की तो कागद फडफडतो, आन मधूनच ते अक्षर दिसतं. परत झाकतं. आत्ता हितं सुद्धा सभेत नावं पुकारणाऱ्या त्या मॅडमनी तिला इचारलं, नावाच्या आधी लावू का? ती म्हणली, नका. काल मी तिला बोलले, आगं किती दिवस आशी बिननावाची फिरशील? तर म्हणती, "आजे, त्या गोळ्या काळजाच्या व्हत्या. मीच देत व्हते. मला ठाऊक व्हतं, सरपशी येळ कमी हाय. तरी मी उशीर केला. आता दुसरी हाक मारणारा न्हाई, तर मला पहिली बी नको."

मी उठून चुलीपाशी गेले.

पर ताई, परवा मी तुमच्याकडं बसाया आलते, तवा तुमी मला एक सांगितलं. सारिकाला ते ठाऊक न्हाई. सांगू का? सांगते. तुमी मान हालवली.

सारिका, ऐक. तोंडी परीक्षा करून सर घरी आले, त्या संध्याकाळी चहा घेतला आन गच्चीवर गेले. ताई खाली अंगणात व्हत्या. वरून हाक आली. डॉक्टर सारिकाऽऽ. ताई घाबरल्या, वर गेल्या, म्हणल्या, आहो काय झालं? सर म्हणले, "ऐतवारी मारायचीय. मेंढरांपुढं लाज जायला नको, म्हणून सराव करतोय." आन परत मारली. वाऱ्याबरोबर सोडली, मी शिकवली तशी. चांगली व्हती म्हणत्यात ताई. शेजाऱ्यांनी खिडक्या उघडल्या. आन शेजारचं कुत्रं गेटापशी येऊन शेपूट हालवाया लागलं.

कळलं का पोरी? सरची हाक मारून झालीय. तू उशीर न्हाई केलास. हाक निघालीय, पोचायची तेवढी राहिलीय. आन ती पोचंल कशी? पहिली माही हाय ना. मी मारल्याबिगर दुसरी येणार कशी? सर थांबल्यात माह्यासाठी.

काल दुपारी डोळा लागला तर मी धर्मापुरीच्या देवळात. सर तिथं खांबाला टेकून उभे. चष्मा कपाळावर. मी म्हणले, सर, तुमी हितं कावून? सरनी बोट वर केलं आन म्हणले, आधी तुम्ही, आजी. जाग आली तवा उन्हं भिंतीवर आलती आन कुठंतरी मेंढरं वरडायलती.

मंडळी, म्हणून मी आज बोलाया उभी राहिले. शोकसभेत कुणी असं करतं का, मला ठाऊक न्हाई. पर बांध हितं न्हाई, आन सर हितं हायेत. तर हितंच करते. हा माइक नको मला. बाजूला घ्या. हाकेला माइक लागत न्हाई.

डॉक्टर सारिकाऽऽ.

बगा. मान खालीच. सरला मी सांगितलं न्हवतं? माह्यावर गेलीय म्हणून?

ताई, तुमी तिच्या शेजारी हायेत. सर चिमटा काढणार व्हते. त्यांच्या जागी तुमीच काढा. जरा जोरात. दंडाला. मी माही पहिलीच परत मारते.

डॉक्टर सारिकाऽऽ.

हां.

ऐकली का तुमी? मागं ऐकू आली का? बारीक व्हती, पर व्हती. ओ व्हती ती. ताई, तुमी रडू नका, तुमी लई चांगला काढलात. अन तू बी उठ पोरी, उभी राहा. लोकांला दिसू दे, कोण हाय ती.

आता माहं काम झालं. आता सरची पाळी हाय. मंडळी, सगळे उभे राहा. पोरांनो, फोन बंद करा. श्रद्धांजली म्हणून हितं गप उभं राहत्यात, ठाऊक हाय मला. पर आज नुसतं गप राहू नका, कान देऊन गप राहा. देवळात नाव लगेच माघारी येत न्हाई, जरा थांबावं लागतं. सरची हाक त्या गच्चीवरून निघालीय. तिला हितवर येऊ द्या.

सर, रामराम. मारा आता.